कोपरा फाडलेली कार्डं

आपल्याच मरणाचा मजकूर साधनाला आपल्याच हातानं टाईप करावा लागला. सोमवारची सकाळ होती. दुकानाचं शटर वर करून पाच मिनिटंही झाली नव्हती, आणि उदबत्तीचा धूर अजून कॉम्प्युटरवरच घुटमळत होता.

शेलूबाजारात हायवेला लागून तिचं आणि तिच्या नवऱ्याचं, विकासचं, छपाईचं दुकान आहे. लग्नाच्या पत्रिका, पावतीपुस्तकं, तेरवीच्या चिठ्ठ्या, आणि ज्यांना घरच्या आरशात आपलं तोंड पुरत नाही अशा पुढाऱ्यांच्या वाढदिवसाचे फ्लेक्स. त्या दिवशी वाशिमहून बबनराव आले होते. बबनराव म्हणजे रिटायर हेडमास्तर. विकासला त्यांनी शाळेत शिकवलेलं, म्हणून त्यांच्या कलामंडळाचं छपाईचं काम एवढ्या लांब इथंच यायचं.

"पुण्याचा मोठा चित्रकार येऊन राह्यला, साधना," खुर्चीत टेकत ते म्हणाले. "आपल्याच जिल्ह्यातला. भागवत रिठदकर. लाकडाच्या ठशाची चित्रं अन् कोलाज. येत्या शनिवारी प्रदर्शन हाय. पुस्तिका अशी काढ का लोकाइनं घरी नेऊन ठेवली पाह्यजे."

"कोलाज मंजे काय, सर?"

"कागदं, चिंध्या, जुने फोटो, जे सापडंल थे चिकटवायचं अन् त्याचं चित्र करायचं."

साधनानं मोबाईलवर आलेला मजकूर उघडला. वरच्या चार ओळी बक्षिसांच्या होत्या. खाली लिहिलं होतं: 'ही चित्रमालिका कै. साधना हिच्या स्मृतीस अर्पण. विवाहाच्या अवघ्या आठ दिवस आधी सर्पदंशाने तिचे निधन झाले. तिच्या पित्याने पाठवलेली, कोपरा फाडलेली पोस्टकार्डे हेच या चित्रांचे मूळ द्रव्य आहे.'

तिनं ते दोनदा वाचलं. मग आधी 'कै.' टाईप केलं, त्यापुढे आपलं नाव, आणि नाव ठळक केलं. बारा वर्षांत तिनं इतक्या मेलेल्यांची नावं ठळक केली होती की बोटांना सवय होती.

"वाईट झालं पोरीचं," बबनराव हळहळले.

"व्हय," साधना म्हणाली. "भलतंच वाईट झालं."

आता ही गोष्ट पहिल्यापासून सांगायला हवी. बावीस वर्षांपूर्वी जऊळक्याच्या उकंडरावांच्या साधनाचं लग्न रिठदच्या भागवत बोरकरशी ठरलं होतं. रिठदकर हे आडनाव त्यानं पुण्यात गेल्यावर लावलं. गावात बोरकर आणि गावाबाहेर रिठदकर, याची रिठदमध्ये अजून टिंगल होते. साखरपुडा झाला, पत्रिका वाटून झाल्या, मांडवाच्या बल्ल्या अंगणात येऊन पडल्या. आणि लग्नाला आठ दिवस असताना नवरदेव चित्रकलेच्या कॉलेजात जायचं म्हणून कोणाला न सांगता वाशिमला गाडीत बसला. ती गाडी जऊळक्यावरूनच गेली. स्टेशनात दोन मिनिटं थांबलीही असेल. 'मला लग्न करायचं नाही' हे खाली उतरून सांगायला दोन मिनिटं पुष्कळ झाली असती.

तो पळाला याचा राग साधनाला फार दिवस राहिला नाही. ज्याला आपण नको त्याच्या घरी जन्मभर भाकरी थापण्यापेक्षा ते बरंच झालं. राग राहिला तो पुढच्याचा.

नवरदेवाच्या बापानं तोंड लपवलं. दोन्हीकडच्या पाहुण्यांना कळवण्याचं काम उकंडरावांच्या गळ्यात पडलं. गावात फोन तेव्हा दोन-चार. त्यांनी पोस्टातून कार्डांचा गठ्ठा आणला आणि चार दिवस ओट्यावर बसून लिहीत राहिले. गल्लीत धड लिहिता येणारे तेच, त्यामुळे कोणाकडे मयत झाली की कार्डं तेच लिहून द्यायचे. मयतीच्या कार्डाचा एक कोपरा फाडायचा ही जुनी रीत. कोपरा नसलेलं कार्ड घेणारा घरात नेत नाही, दारात उभ्या उभ्याच वाचतो. चार दिवस अन्नाला न शिवता लिहिणाऱ्या त्या माणसाच्या हाताला एवढंच ठाऊक होतं की बातमी वाईट असली की कोपरा फाडायचा. एकशे बारा कार्डं लिहिली आणि एकशे बारा कोपरे फाडले. फाडताना एकदाही त्यांच्या लक्षात आलं नाही.

पाहुण्यांनी कार्ड पाहिलं, कोपरा पाहिला, मजकुरात साधनाचं नाव पाहिलं. पुढचं वाचायला कोण थांबतं. कार्डं पोस्टात पडल्यावर तिसऱ्या दिवशी जऊळक्यात बैलगाड्या आणि जीपा यायला लागल्या. आत्या कस्तुराबाई वेशीपासून ऊर बडवत आली, आणि अंगणात सडा टाकणारी साधना पाहून तिची दातखीळ बसली. लोक आधी रडले, मग हसले, आणि हसून झाल्यावर सोयरिकीचं नाव काढेनात. जिच्या नावाचं कोपरा फाडलेलं कार्ड घरोघर गेलं, ती सून म्हणून कोणाला चालणार. सात वर्षं साधना बापाच्या घरी लोकांच्या नजरा मोजत राहिली. मग विकासचं स्थळ आलं. त्याची पहिली बायको वारलेली होती. त्यानं कार्डांची सगळी हकीगत ऐकून घेतली आणि एवढंच विचारलं, "अक्षर कसं होतं कार्डावरचं?" छपाईवाल्याचा तो प्रश्न ऐकून साधना सात वर्षांनी खळखळून हसली, आणि लग्न ठरलं.

तिचं चांगलं झालं. उकंडरावांचं नाही झालं. आज ते ब्याऐंशीचे आहेत. डोळ्यांना कमी दिसतं, कान बरे आहेत. साधना जऊळक्याला गेली की तिचा हात हातात घेतात आणि म्हणतात, "माय, माह्याच हातानं तुहा कोपरा फाडला." भागवतला त्यांनी कधी एक शिवी दिली नाही. सगळा गुन्हा आपल्या दहा बोटांवर घेऊन म्हातारा बसला होता. आणि ज्याचा होता, तो त्याच कार्डांची चित्रं करून पुण्यात शाली पांघरत होता, तेही तिला साप चाववून.

म्हणून साधनाला काय पाहिजे हे त्या सोमवारी टाईप करता करताच ठरलं. भागवतनं चार लोकांत उभं राहून आपला गुन्हा आपल्या तोंडानं म्हणायचा, आणि ते शब्द बाप जिवंत आहे तोवर बापाच्या कानावर पडायचे. शिवाय भागवतची चांगली फजिती व्हायला पाहिजे, हेही होतंच. उगाच थोरपणाचा आव कशाला आणायचा.

"सर, एक सुचवू काय?" तिनं पुस्तिकेचं कव्हर दाखवता दाखवता विचारलं. "एवढा मोठा कलावंत. त्याच्या मायचा सत्कार ठेवा ना. साडीचोळी द्या. रिठदचे चार लोकंबी येतीन, हॉल भरंल."

बबनरावांना हॉल भरण्याची काळजी होतीच. "डोकं हाय तुले," ते म्हणाले.

"अन् त्या कार्डाची हकीगत त्याइच्याच तोंडून आयकवा. पुस्तिकेत काय, दोनच ओळी हायेत."

संध्याकाळी तिनं विकासला सगळं सांगितलं. तो बराच वेळ कटिंग मशीनच्या पात्याला तेल देत राहिला. मग म्हणाला, "मी काय करू?"

"तुमी शनिवारी जऊळक्याले बाबाजवळ जाऊन बसा. मी फोन लावला का स्पीकरवर ठेवा. बस."

शनिवारी चार वाजता ती वाशिमच्या हॉलमध्ये पोचली तेव्हा फीत कापून झाली होती. पाटणी चौकात काळीपिवळी जीपमधून उतरून ती पायीच आली होती. मोतिया रंगाची साधी साडी, चष्मा, खांद्याला पर्स. पर्समध्ये पोस्टातून आणलेली कोरी कार्डं. दारात एका पोरीनं तिच्या हातात तिनंच छापलेली पुस्तिका दिली, आणि तिनं ती पहिल्यांदाच पाहत असल्यासारखी उलटून पाहिली. कव्हरचा निळा जरा गडद झाला होता.

आधी ठशांची चित्रं होती. साधना वाईट मनानं आली होती, पण डोळे छपाईवालीचे होते. शाई कुठं गोळा झाली नव्हती की कुठं उडाली नव्हती. एका चित्रात कापसाचं उघडलेलं बोंड, प्रत्येक पाकळीच्या कडेला लाकडाची शीर उतरलेली. दुसऱ्यात रेल्वेचा लांबच लांब पूल. मेल्याचा हात चांगला होता, आणि याचा तिला आणखीच राग आला. चित्रं भिकार असती तर चिमटीत धरून फेकून देता आली असती.

पुढच्या भिंतीवर कोलाज होते. सतरा. प्रत्येकाच्या मधोमध एक पिवळं पडलेलं पोस्टकार्ड, डावा वरचा कोपरा फाडलेला, भोवती हळदीनं माखलेल्या कागदाचे तुकडे, साडीच्या काठाच्या चिंध्या आणि ठशानं छापलेली एक बाई. बाईला तोंड नव्हतं. कार्डं पत्त्याची बाजू वर करून चिकटवली होती, लिहिलेली बाजू फळीकडे. त्यामुळे कोणाला काही वाचता येत नव्हतं. पण पत्त्याचं अक्षर बापाचं होतं. 'मु. पो.'मधल्या पोचा काना बाप नेहमी खाली लांब ओढायचा, तसाच इथं ओढलेला. साधनानं पर्समधली कोरी कार्डं चाचपून पाहिली. रडायला ती आली नव्हती.

"एवढं थांबून कोणी पाहत नाही," बाजूला कोणीतरी म्हणालं.

भागवत होता. खादीचा कुर्ता, छाटलेली पांढरी दाढी, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा. त्यानं तिच्याकडे नीट पाहिलं, हसला, आणि ओळखलं नाही. बावीस वर्षं झाली होती, तेव्हाही दोनदाच पाहिलं होतं, हे सगळं कबूल. पण ज्या बाईच्या जिवावर सतरा चौकटी भरल्या, तिचा चेहरा याच्या डोक्यात मुळी नव्हताच. चित्रातल्या बाईला तोंड का नाही, हे साधनाला तिथंच समजलं.

"कार्ड कोनाचं व्हय?" तिनं विचारलं.

भागवतनं श्वास आत घेतला, मग थोडा वेळ सोडला नाही. पुष्कळदा केलेलं काम ते. "माझ्या होणाऱ्या पत्नीच्या वडिलांनी लिहिलेलं. लग्नाला आठ दिवस होते. ती शेतात गेली आणि परत आली नाही. साप."

"कायच्या वावरात?"

"तुरीच्या."

"लग्न कोन्त्या महिन्यात होतं?"

"वैशाखात."

"वैशाखात तूर कोठी रायते, भाऊ?"

शेतकऱ्याचं पोर, पण पुण्यात राहून महिने विसरलं होतं. "म्हणजे, जळणाला तुराट्या आणायला गेली होती," तो घाईनं म्हणाला.

"तुमी मातीले गेल्ते?"

आता तो रंगात आला. "गेलो होतो. तिच्या वडिलांनी माझ्या खांद्यावर डोकं टेकवलं आणि लहान मुलासारखे रडले. तो भार अजून आहे या खांद्यावर."

साधनानं त्याच्या खांद्याकडे पाहिलं. तिचा बाप त्या दिवसांत घराच्या मागं कडब्याच्या गंजीआड उभा राहून रडायचा, कारण अंगणात पाहुणे असायचे. तिथं खांदा कोणाचाच नव्हता. तिला वाटलं, याच्या कानाखाली आत्ताच एक वाजवावी आणि घरी जावं. पण एका थपडेत हे प्रकरण मिटवण्याची तिची इच्छा नव्हती.

"हेच स्टेजवर सांगा," ती म्हणाली. "लोकाइले समजलं पाह्यजे."

तेवढ्यात रिठदचा पिकअप येऊन थांबला आणि तीसेक माणसं चपला दाराशी काढून हॉलमध्ये शिरली. पुढे मनकर्णाबाई, भागवतची आई, ठेवणीतलं लुगडं नेसून. पोरानं बोलावलं या आनंदात बाईचं तोंड उजळलं होतं. बोलावलं बबनरावांनी होतं, आणि भागवतला ते आत्ता कळत होतं. त्याचा रंग उडाला. बबनरावांच्या कानाला लागून तो काहीतरी पुटपुटला, वेळ कमी आहे, भाषण नको, असं काहीतरी. पण पाच पाहुण्यांची भाषणं ठरवून बसलेले बबनराव थोडेच ऐकणार.

सत्कार झाला. साडीचोळी, नारळ, टाळ्या. मनकर्णाबाईंना पहिल्या रांगेत बसवलं. मग माईक भागवतच्या हातात आला. तो मातीबद्दल बोलला, आठवणींबद्दल बोलला, कार्डांच्या आसपासही गेला नाही, आणि दोन मिनिटांत धन्यवाद म्हणून मोकळा व्हायला निघाला.

साधना मधल्या रांगेतून उभी राहिली. "सर, ते मघाशी मले सांगत होते, मातीले गेल्ते थे. थेच सांगा म्हना सगळ्याइले. लोकं त्याच्यासाठी आले."

"हो, हो, ते राहिलंच की," बबनराव म्हणाले. सगळ्यांच्या हातात पुस्तिका होती. पत्रकार पेन काढून बसले होते. भागवतपुढे दोनच वाटा होत्या, आणि त्यानं सवयीची घेतली. आवाज खाली आणून, अगदी पुस्तकी मराठीत, भरभर सांगू लागला. रिठदच्या लोकांना समजू नये एवढीच धडपड. वाग्दत्त वधू. सर्पदंश. चितेपाशी पित्यानं खांद्यावर टेकवलेलं मस्तक.

"कोन मेलं?" मनकर्णाबाईंनी शेजारच्या बाईला मोठ्यानं विचारलं. "कोनाची मयत सांगून राह्यला हा?"

शेजारीण चौथी शिकलेली होती. तिनं पुस्तिका डोळ्यांजवळ धरली. "तुमची व्हनारी सून, मामी. साधना. लग्नाच्या आंधी साप डसला म्हंते."

"साधना? जऊळक्याच्या उकंडरावाची?" मनकर्णाबाई उठूनच उभ्या राहिल्या. "अवं, थे पोरगी कधी मेली? दोन सालाखाली शेलूबाजारच्या दुकानात पाह्यली मीनं. तिनं मले पाह्यलं नाई, मीच तोंड फिरोलं लाजंनं."

रिठदच्या रांगेत एकजण फुसकन हसला आणि त्याच्या बायकोनं त्याला कोपर मारलं.

"मेली नाई, मामी," साधना म्हणाली. ती चालत स्टेजवर आली आणि भागवतच्या समोर, हातभर अंतरावर उभी राहिली. "थे मीच व्हय. ही पुस्तिकाबी मीच छापली. माह्या नावाच्या मांगं कै. लावलं थेबी मीनंच, ह्याचा मजकूर होता म्हनून. अन् ह्या कार्डाच्या मांगं काय लिवलं हाय थे मले तोंडपाठ हाय. माहा बाप बावीस वर्सापासून म्हनून राह्यला. 'लग्न रद्द झाले आहे. नवरदेव घरून निघून गेले. मुलीचा काही दोष नाही. आपणास तसदी दिली, क्षमा असावी.' सतरा कार्डं इथं हायेत. एकावरबी मयत नाई. कोनाले पाह्यचं असंल तं कार्ड उपटून वाचा."

भागवत तिच्याकडे पाहत होता. आता मात्र नीट पाहत होता. "साधना," तो म्हणाला, आणि माईक हातात असल्यामुळे ते साऱ्या हॉलनं ऐकलं. "कलेत सत्य जरा वेगळं असतं. ते एक प्रतीक..."

"माहा बाप प्रतीक नाई. जऊळक्याले राह्यते, अन् आजबी बसल्या ठिकानी आपलेच हात पाह्यते. कोपरे मीनं फाडले म्हंते, पोरीचं वाटोळं मीनं केलं म्हंते. तू पळाला म्हनून कार्डं लिवा लागले, हे त्याच्या तोंडून कधी निंघत नाई. अन् तू त्याले आपल्या खांद्यावर रडवून टाळ्या घेऊन राह्यला."

पत्रकार लिहीत होते. मागच्या रांगेत सात-आठ मोबाईल वर झाले होते. बबनराव घाम पुसत "आपण चहापान घेऊ" म्हणाले, पण चहाकडे कोणी पाहिलंही नाही. साधनाला त्या क्षणी काय वाटत होतं, तर बरं वाटत होतं. भागवतच्या कपाळावरचा घाम, कुर्त्याची चुरगळलेली बाही, सगळं ती डोळे भरून पाहत होती. दया येईल असं तिला आदल्या दिवशी वाटलं होतं. ती आली नाही.

मनकर्णाबाई स्टेजवर चढल्या. सत्काराची साडी त्यांनी खुर्चीवर ठेवून दिली होती. "कार्डाचं गाठोडं माह्या पेटीतलं व्हय," त्या पोराला म्हणाल्या. "आपल्याकडच्या पाव्हन्याइनं आनून आनून तुह्या बापाच्या पुढं टाकले होते. मीनंच देल्ले तुले. म्हनलं, वाचून पोट्ट्याले लाज वाटंल." त्या थोडं थांबल्या. "जिती पोरगी मारली तूनं, भागवत. अन् मले साडी नेसवाले आनलं."

"माय, मले वाटलं नव्हतं..." भागवतची पुण्याची मराठी तिथंच गळून पडली.

"काय वाटलं नव्हतं?" साधनानं विचारलं. "वावरातले लोकं चित्र पाह्याले येतीन असं?"

साधनानं पर्समधून एक कोरं कार्ड काढलं, स्टेजलगतच्या टेबलावर अभिप्रायाच्या वहीशेजारी ठेवलं, आणि वर पेन ठेवला. "बस. माह्या बापाले लिही."

त्यानं आईकडे पाहिलं. मनकर्णाबाईंनी खुर्ची ओढून दिली. तो बसला, लिहिलं, कार्ड पुढं केलं. 'आदरणीय उकंडराव, माझ्या हातून नकळत आपल्या भावना दुखावल्या असल्यास मी अंतःकरणपूर्वक क्षमा...' साधनानं तिथपर्यंत वाचलं आणि कार्ड त्याच्यासमोरच उभं फाडलं. दुसरं कोरं पुढे ठेवलं.

"क्षमा मांगू नको. काय केलं थे लिही. आमच्याकडं छपाईले येते तसा मजकूर नको."

या वेळी त्याला फार वेळ लागला. पेन थांबत होता, पुन्हा चालत होता. रिठदची माणसं खुर्च्या सरकवून टेबलाभोवती आली होती, जशी पंचायतीत येतात, आणि वाशिमची शहरी माणसं त्यांच्या मागं टाचा उंचावून उभी होती. लिहून झालं तेव्हा साधनानं ते पूर्ण वाचलं, विकासला फोन लावला, आणि मोबाईल स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला.

"बाबा जवळ हायेत?"

"जवळच हायेत," विकासचा आवाज आला. "बोल."

"वाच," साधना भागवतला म्हणाली. "माईक सोडू नको, इथल्याइलेबी आयकू दे."

भागवत वाचू लागला. "उकंडराव, मी भागवत बोरकर, रिठदचा. मले पुण्याले शिकाले जायचं होतं. लग्न नाई करत म्हनाची हिंमत माह्यात नव्हती. म्हनून मी चोरासारखा पळालो. गाडी तुमच्या गावावरून गेली तवा मी खिडकी लावून घेतली. तुमची पोरगी मेली असं मी लोकाइले सांगतलं, कारन पळालो हे सांगाची लाज वाटे. तुमच्या कार्डावर मी नाव कमावलं. साधनाचा दोष नाई. तुमचाबी दोष नाई. दोष माहा हाय."

खिडकी लावून घेतल्याचं साधनानं सांगितलेलं नव्हतं. ते त्याचं त्यानंच लिहिलं होतं. हॉलमध्ये कोणीतरी नाक ओढलं. मनकर्णाबाई जमिनीकडे पाहत उभ्या होत्या.

साधना फोनकडे पाहत होती. बावीस वर्षं ज्यासाठी दात धरून बसली होती ते झालं होतं. आता फक्त तिकडून बापाचा एक शब्द यायचा होता.

मग उकंडरावांचं खाकरणं ऐकू आलं.

"पोट्टा खरं बोलून राह्यला," ते म्हणाले, बहुतेक विकासला. आवाजात राग नव्हता, समाधानही नव्हतं. "पन कोपरे तं मीनंच फाडले ना, जावईबापू. त्यानं थोडीच फाडाले सांगतले होते."

हॉलमधलं प्रत्येक माणूस साधनाकडे पाहू लागलं. भागवतनं हळूच कार्ड खाली ठेवलं आणि माईकही ठेवायला गेला. सुटलो, असं त्याच्या तोंडावर क्षणभर दिसलं असावं. साधनाला तरी ते दिसलं, आणि तिच्या अंगाचा पुन्हा भडका उडाला, मघापेक्षा जास्त.

तिनं ते कार्ड उचलून त्याच्या हातात परत दिलं आणि मोबाईल माईकच्या आणखी जवळ सरकवला.

"पुन्हा वाच," ती म्हणाली.

"किती खेप वाचू?"

"त्याले पटेपावतर."

भागवतनं आईकडे पाहिलं. मनकर्णाबाई खुर्ची घेऊन त्याच्या शेजारी बसल्या आणि त्यांनी पदर मांडीवर घेतला. भागवतनं कार्ड डोळ्यांसमोर धरलं आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागला.